बिघाडाचे स्वरूप: लाइनमन

केळव्याच्या नाक्यावर मुंबईची एक मोटार थांबली. काच खाली झाली आणि आतून कुणीतरी विचारलं, "बीच किती लांब आहे हो?" टेलिफोनच्या खांबावर चढलेल्या माणसानं खाली न बघताच उत्तर दिलं, "सरळ जावा. दीड ड्रम."

मोटारीतली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. खांबाखाली मी उभा होतो, त्या माणसाचा नवा साहेब. आदल्याच आठवड्यात बदलीवर आलेला, साताऱ्याकडचा, समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. मलाही काही कळलं नाही. तो माणूस सावकाश खाली उतरला, पक्कड खिशात घातली आणि म्हणाला, "सायेब, आपली केबल ड्रमवर गुंडाळून येते. एका ड्रमात अर्धा किलोमीटर. दीड ड्रम म्हंजे पाऊण किलोमीटर. तुमी शिकलेले, तुमाला हिशोब सांगायला नको."

हे दामूभाऊ राऊत, आमच्या टेलिफोन खात्यातले लाइनमन. केळव्यापासून दातिवऱ्यापर्यंतचा किनारा आणि अधूनमधून माणसं कमी पडली की बोईसरच्या बाजूची गावं, एवढा मुलूख त्यांच्या सायकलच्या दोन चाकांखाली होता. त्यातलं कुठलंही अंतर त्यांना मैलांत किंवा किलोमीटरमध्ये येत नसे. त्यांच्या बायकोचं माहेर शेजारच्या माहीम गावात, दहा ड्रमांवर. "लांब नको आणि जवळपण नको," ते सांगत, "रुसून गेली तर चालून परत येईल एवढं अंतर बघून लगीन केलं."

मी आलो ते दिवस धामधुमीचे होते. आहे त्याच फोनच्या तारेवरून घराघरांत वेगवान इंटरनेट द्यायचं, तेही साध्या माणसाला परवडेल अशा दरात, असं खात्यानं ठरवलं होतं. त्याआधी इंटरनेट म्हणजे मोडेमची ती कर्कश किरकिर, आणि ती चालू असेपर्यंत घरातला फोन बंद. आता एकाच तारेवर दोन्ही चालणार, हे लोकांना पटत नव्हतं. मी आकृत्या काढून समजावून सांगायचो, फ्रिक्वेन्सी वगैरे शब्द वापरायचो, आणि लोक चहा पुढे करून विषय बदलायचे. दामूभाऊ एका वाक्यात मिटवायचे. "आमच्या वाडीत एकाच इहिरीवर दोन रहाट व्हते. एकाचं पाणी ह्या पाटाला, दुसऱ्याचं त्या पाटाला. भांडण नाय, तंटा नाय. तसंच हाय हे."

पुढे कळलं की दाखल्यातला 'भांडण नाय' हा भाग साफ खोटा होता. पण ते नंतर.

ह्या इंटरनेटचं एक दुखणं होतं. एक्स्चेंजपासून तार जितकी लांब, तितका वेग कमी. पाच किलोमीटरच्या पुढे तर ते पोचायचंच नाही. हेही मला दामूभाऊंच्याच शब्दांत कायमचं कळलं. केळव्याच्या वाड्यांमध्ये सुपारीला आणि माडाला पाटानं पाणी देतात. विहिरीजवळच्या झाडाचं आळं लगेच तुडुंब भरतं, मधल्याला बेतानं मिळतं आणि शेवटच्या झाडाला नुसती ओल. "सायेब, शेवटच्या माडाला विचारा," ते म्हणायचे, "तो सांगेल तुमाला इंटरनेट म्हंजे काय."

रोगाची परीक्षा करायची त्यांची पद्धत खास होती. कुणाच्याही घरी गेले की आधी चप्पल दाराबाहेर, मग घडवंचीवरचा रिसीव्हर उचलून कानाला, आणि डोळे मिटून दहा-बारा श्वास स्तब्ध. घरची माणसंही गप्प व्हायची. डॉक्टर छाती तपासत असताना होतात तशी. मग डोळे उघडून निकाल. "बरी हाय" किंवा "दमलीय" किंवा "वल लागलीय", म्हणजे तारेत ओल शिरलीय. चौथं काही नसे. मी पालघरहून तपासणीचं यंत्र आणलं होतं. ते यंत्र आकडे दाखवायचं आणि शेवटी दामूभाऊंशी सहमत व्हायचं.

दातिवऱ्याची एक तक्रार मला मरेपर्यंत आठवेल. एका मास्तरांच्या घरचं इंटरनेट रोज सकाळी दहापर्यंत छान चालायचं आणि मग बसायचं. संध्याकाळी परत ठीक. मी दोनदा मोडेम बदलला. एक्स्चेंजमधलं कार्ड बदललं. वरच्या ऑफिसला लांबलचक पत्र लिहिलं. शेवटी दामूभाऊ म्हणाले, "सायेब, मोडेम सोडा. कंचा म्हयना चाललाय? बोंबलाचा. चला."

आम्ही गेलो. मास्तरांच्या शेजारी मच्छीमार मांगेला समाजातल्या एक मावशी राहायच्या. दोन खांबांमध्ये आमची तार जरा सैल पडली होती, हात पोचेल इतकी. मावशींनी त्या तारेवर जबड्यात जबडा अडकवून बोंबलांच्या जोड्या ओळीनं वाळत घातल्या होत्या. साठ-सत्तर जोड्या तरी असतील. ऊन चढलं की माळ घालायची, उन्हं उतरली की काढायची. भारानं खांबावरचा जोड ताणायचा आणि मास्तरांचं इंटरनेट बसायचं.

मी साहेबी आवाज लावला. "ही सरकारी तार आहे, मावशी."

मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुजे तारेवर कावले बसतान ते चालतान, न माजे बोंबील चालत नाय?"

मी वहीत नियमाचं कलम शोधायला लागलो. दामूभाऊ मात्र सायकलकडे गेले, जुन्या तारेचा एक तुकडा आणला आणि त्याच दोन खांबांना, जरा खाली, मावशींना वेगळी वलांडी ताणून दिली. म्हणाले, "मावशे, ही तुजी. वरची मास्तरची. त्याच्या तारेला खारट करू नको." त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या ऑफिसात सुक्या बोंबलांचं एक भलं मोठं गाठोडं आलं. अहवालात बिघाडाचं कारण काय लिहायचं, ह्यावर मी अर्धा दिवस घालवला आणि 'तारेवर बाह्य भार' असं लिहिलं. दामूभाऊंनी ते वाचलं आणि म्हणाले, "बोंबलाला एवढा मान कुणी दिला नव्हता."

त्यांचं खरं कसब होतं माणसं वळवण्याचं. तार न्यायची म्हणजे कुणाच्या तरी अंगणावरून, परसातून, कुंपणावरून न्यावी लागते, आणि तार म्हटली की माणसाला आपली जमीन एकदम आठवते. बोईसरच्या बाजूला बेटेगावात एका घराला जोडणी द्यायची होती. वाटेत शेजाऱ्याचं अंगण. दोघांचं कुंपणावरून वाकडं. शेजारी हातात कोयता घेऊनच बसला होता. नारळ सोलायला, असं तो म्हणाला. दामूभाऊ त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"भाऊ, तार सावली पाडते का?"

"नाय."

"पाणी पिते?"

"नाय."

"येऊन तुज्या ओट्यावर बसते?"

"नाय."

"मंग तुजं काय जातं? भांडण तुमचं. तारेनं कुणाचं काय खाल्लंय?"

शेजारी बराच वेळ नारळ सोलत राहिला आणि मग त्यानं कोयत्यानंच खांबाकडे खूण केली. बांधा म्हणून. असे किती रस्ते दामूभाऊंनी मोकळे केले, त्याची नोंद नाही. 'तार सावली पाडते का?' हे वाक्य मी पुढे बोईसरच्या चाळींत हिंदीतही वापरून पाहिलं. कामगारांनी मला वेड्यात काढलं. ते त्यांच्याच तोंडी शोभायचं.

अशात एक अर्ज आला. वामन राऊत, केळवे, समुद्राकडची आळी. इंटरनेट हवं. राऊत आडनावाची घरं केळव्यात पुष्कळ, म्हणून मला काही वाटलं नाही. नियमाप्रमाणे लाइन तपासली, तर तारेची लांबी भरली साडेपाच किलोमीटर. मी नकाशा पाहिला. घर एक्स्चेंजपासून साडेचार किलोमीटरवर होतं. मग वरचा किलोमीटर आला कुठून? केबलची रेघ बोटानं धरून मी निघालो. ती सरळ त्या आळीच्या तोंडाशी आली, घर समोर दिसायला लागलं, आणि तिथून अचानक उजवीकडे वळून, सुरूच्या बनाला प्रदक्षिणा घालून, मागच्या बाजूनं घरात शिरली.

"दामूभाऊ, हा वळसा कुणी काढला?"

त्यांनी नकाशाकडे पाहिलंही नाही. "व्हतं असं कदी कदी," म्हणाले आणि सायकलची चेन बसवायला बाहेर गेले. चेन उतरलेली नव्हती.

मी अर्जावर 'अंतर जास्त, जोडणी देता येत नाही' असा शेरा मारून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला तक्रारीचा फोन वाजला.

"मी इंदू वामन राऊत बोलते. तक्रार लिवून घ्या."

"फोन बंद आहे का?"

"बंद असता तर बोलले कशी असते?"

"मग आवाज नीट येत नाही?"

"तुमचा येतो. माजा येत नाय का?"

"येतो की. मग बिघाड कशात आहे?"

"लायन चांगली हाय. लायनमन बिगडलाय."

मी पेन खाली ठेवलं. "काय झालं त्याला?"

"घरी येत नाय."

"किती दिवसांपासून?"

"अकरा वर्सं," बाई म्हणाल्या. "नंबर द्या तक्रारीचा. नंबर द्यावा लागतो, म्हाईत हाय मला."

मी नंबर दिला. दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला पुन्हा फोन, पुन्हा तीच तक्रार, पुन्हा नवा नंबर. त्या चार-पाच फोनांमध्ये मला सगळी कथा तुकड्या-तुकड्यांनी कळली. वामनदादा हे दामूभाऊंचे थोरले सख्खे भाऊ. इंदूवयनी लग्न होऊन आल्या तेव्हा दामू सहा वर्षांचा होता आणि त्याला आई नव्हती. त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, त्याचं लग्न लावलं. वडील गेल्यावर वाडीच्या वाटण्या झाल्या. विहीर आली दामूच्या हिश्शाला, पाण्याची पाळी दोघांची. एका उन्हाळ्यात एका पाळीवरून, म्हणजे तासाभराच्या पाण्यावरून, दोन भावांचं असं वाजलं की बोलणं तुटलं. आणि त्याच वर्षी त्या आळीत केबल टाकायचं काम निघालं. जवळची वाट दामूभाऊंच्या वाडीतून जात होती. लाइनमन म्हणाला, माझ्या हद्दीतून ह्याची तार जाणार नाही. भाऊ म्हणाला, ह्याच्या हद्दीतून आलेली तार मला नको. साऱ्या भांडणात तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं, आणि त्यापायी खात्याची दोन ड्रम केबल सुरूच्या बनाला प्रदक्षिणा घालत पुरली गेली.

वामनदादांच्या फोनमध्ये बिघाड झाला, तरी दामूभाऊ तो बाहेरच्या खांबावरूनच काढत. घरात पाऊल टाकत नसत. सही आणायला दुसऱ्या कुणाला पाठवत.

"मग आता इंटरनेट कशाला हवंय, वयनी?" मी विचारलं. मीही तोवर वयनी म्हणायला लागलो होतो.

"माजा पोरगा मस्कतला हाय. त्याला मुलगी झालीय, सात म्हयन्यांची. माजं खुब्याचं हाड मोडलंय, मी खाटेवरून उठत नाय. इमानात काय बसणार? आणि तिची आई कामाला जाते, दोन वर्सं काय ती येत नाय. म्हणतात, त्या इंटरनेटवर माणूस हलताना दिसतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पोरीला बगायचंय. आणि आमच्या दामूलापण बगायचंय. एका तारेत दोन कामं व्हतात असं तोच सांगत फिरतो ना गावभर?"

मी रिसीव्हर ठेवला आणि मला स्वतःचीच लाज वाटली. त्या बाईंनी नवऱ्याच्या नावानं केलेल्या अर्जावर मी 'अंतर जास्त' असं लिहून खाली लफ्फेदार सही केली होती.

आठव्या दिवशी आठ तक्रारींच्या चिठ्ठ्या मी दामूभाऊंच्या समोर ठेवल्या. प्रत्येकीवर 'बिघाडाचे स्वरूप' ह्या रकान्यात माझ्या अक्षरात लिहिलं होतं: लाइनमन.

त्यांनी सगळ्या एकेक करून वाचल्या. "ह्या बंद करून टाका सायेब. लायन चालू हाय."

"ग्राहकाच्या सहीशिवाय तक्रार बंद होत नाही. नियम आहे."

"दुसऱ्याला पाठवा."

"तक्रार तुमच्याबद्दल आहे. दुसरा जाऊन काय करणार?"

"मला दातिवऱ्याला पाठवा. बेटेगावला पाठवा. भरतीच्या पाण्यात खांबावर चढवा. तिथं नको."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दामूभाऊ, तार सावली पाडते का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. समोरचा चहा तसाच ठेवून ते उठले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. मी घाबरलो. वयानं वडिलांसारखा माणूस, त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर मारायला नको होतं, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसच्या दारात उभे होते. धुतलेला सदरा, केसांना तेल. "सायेब, तुमी संगती चला. मी आत जातो. तुमी हद्दीवर उभे रावा."

त्यांच्या वाडीत त्यांच्या घराजवळ खात्याचा एक खांब होता. तिथून त्यांनी फीत लावली. सुपाऱ्यांच्या रांगेतून, विहिरीच्या कडेनं, पाट ओलांडून, कुंपणापर्यंत, आणि कुंपणापलीकडे वामनदादांच्या ओट्यापर्यंत नजरेनं. "सत्तर मीटर," ते म्हणाले. मग परत एकदा फीत लावली. सत्तरच भरले. अकरा वर्षं त्यांनी गावातलं प्रत्येक अंतर मोजलं होतं, हे एक सोडून. ड्रमाच्या हिशोबात हे अंतर बसतच नव्हतं, इतकं ते लहान होतं.

कुंपणापलीकडे वामनदादा येऊन उभे राहिले. उंच, वाळलेले, कमरेला टॉवेल. ते माझ्याकडे बघून बोलले. "सायेब, त्याला सांगा, मला तार नको."

दामूभाऊ माझ्याकडे बघून बोलले. "सायेब, त्याला सांगा, तार त्याच्यासाठी नायच."

"सायेब, त्याला इचारा, मंग कोणासाठी?"

"सायेब, त्याला सांगा, अर्ज कोणाच्या नावावर हाय ते वाच."

"सायेब, त्याला सांगा, माज्याच नावावर हाय."

मी त्या दोघांच्या मधोमध उभा राहून मान इकडून तिकडे फिरवत होतो. मी एक अक्षरही सांगत नव्हतो आणि सगळं दोघांपर्यंत व्यवस्थित पोचत होतं. एवढ्यात आतून आवाज आला.

"सायेब! तक्रार बंद करायला सही कोणाची लागते?"

"ज्यांनी तक्रार केली त्यांची," मी ओरडून सांगितलं.

"तक्रार मी केलीय. मी हितं खाटेवर. मला काय भायेर येता येत नाय. लायनमनला आत यायला सांगा."

वामनदादा कुंपणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाजूला झाले. दामूभाऊंनी चप्पल काढली. खरं तर ओटा अजून वीस पावलांवर होता, पण त्यांनी ती कुंपणापाशीच काढली.

हद्दीवर उभं राहायचं माझं काम मी विसरलो आणि मागोमाग आत गेलो. वयनी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. बारीक, पांढरे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू. दामूभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते सरळ घडवंचीवरच्या फोनकडे गेले, रिसीव्हर उचलला, कानाला लावला, डोळे मिटले. ह्या वेळी दहा-बारा श्वासांत काही भागलं नाही. ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

"कशी हाय?" वयनींनी विचारलं.

"बरी हाय," ते कसंबसं म्हणाले, आणि आठ चिठ्ठ्या त्यांच्यासमोर धरल्या.

वयनींनी त्या उशीखाली सारल्या. "आदी जेव. मंग सही."

सकाळचे साडेअकरा वाजले होते. वयनी खाटेला खिळल्यापासून चूल वामनदादांकडे होती. त्यांनी दोन ताटं मांडली, भात वाढला, वर कोलंबीचं कालवण. आम्ही जेवायला लागलो. दुसऱ्या घासाला दामूभाऊ माझ्याकडे वळले.

"सायेब, त्याला सांगा, मीठ जास्त झालंय."

वामनदादा पळी हातात धरून उभे होते. "सायेब, त्याला सांगा, मीठ घातलंच नाय. पाणी त्याच्या इहिरीचं हाय."

वयनींना हसू फुटलं. खुब्यातली कळ धरून त्या हसत राहिल्या, "आई गं, आई गं" म्हणत हसत राहिल्या. मग दामूभाऊ हसले, मग मला राहवेना, आणि सर्वांत शेवटी वामनदादा, तोंड चुलीकडे करून. मला त्या कालवणाची चव अजून आठवते. ते खरोखरच खारट होतं.

संध्याकाळपर्यंत सत्तर मीटर तार लागली. इंटरनेट सुरू झालं आणि मुलानं आधीच पाठवून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर मस्कतचं घर दिसायला लागलं. एक गुबगुबीत पोर आईच्या मांडीवरून सरळ कॅमेऱ्याकडे झेपावली, आणि नेमकं तेव्हाच चित्र थिजलं. दामूभाऊ पक्कड घेऊन बाहेर धावले.

"ऱ्हाऊ दे रे दामू," वयनी म्हणाल्या. "हलत व्हती तवा नीट बगता येत नव्हतं. आता थांबलीय तर बगून घेते."

सगळं गाव चित्र अडकतं म्हणून माझ्या नावानं शिमगा करायचं. चित्र अडकल्याबद्दल आभार मानणारी ही एकच ग्राहक मला नोकरीत भेटली. त्यांनी त्या आठही चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. आठव्या चिठ्ठीवरही 'इंदू' अगदी सुवाच्य.

दामूभाऊ त्या दिवसापासून रोज अकराला तिथे जाऊ लागले. लाइन तपासायला, असं सांगत. रिसीव्हर कानाला, डोळे बंद, "बरी हाय", आणि मग जेवण. नात दोनदा गावी आली, तिला मांडीवर घेऊन मगच वयनी वारल्या. दामूभाऊंची बायकोही मागोमाग गेली, आणि वाडीत दोघं भाऊच उरले, एकमेकांच्या हातचं खारट खात. दामूभाऊ निवृत्त झाले तरी अकराचा नेम मोडला नाही. कालांतरानं काचेच्या तारेचं इंटरनेट आलं, भलतंच वेगवान. गावातल्या तांब्याच्या तारा एकामागून एक निघाल्या. दामूभाऊंना नव्या तारेचं कौतुक होतं, पण प्रेम बसलं नाही. "वेग हाय," ते म्हणायचे, "पण कानाला लावून बगायला काय नाय तिच्यात." सत्तर मीटरचा आपला तुकडा मात्र त्यांनी काढू दिला नाही. त्याचं एक टोक कुठल्याच एक्स्चेंजला जोडलेलं नव्हतं. तरी ते रोज तो मुका रिसीव्हर उचलून ऐकायचे आणि भावाला निकाल सांगायचे.

मी पुढे बोईसरला घर केलं आणि तिथेच निवृत्त झालो. मागच्या पावसाळ्यात दामूभाऊ गेले. सकाळी अंघोळ करून, सदरा घालून, निघायच्या तयारीत असताना गेले. मी अंत्ययात्रेला गेलो होतो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी सकाळी माझा मोबाइल वाजला. बरोबर अकरा वाजले होते.

"सायेब, वामन राऊत बोलतोय. तक्रार लिवून घ्या."

मी चष्मा शोधला, कशासाठी कोण जाणे. "सांगा दादा."

"लायनमन येत नाय."

मी समोरच्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ लिहिली.

"नंबर द्या," ते म्हणाले.

मी आठवेल तो एक जुन्या तक्रारीचा आकडा सांगितला. त्यांनी तो सावकाश उच्चारून लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी केळव्याला गेलो. वाट चुकण्यासारखी नव्हती, आळीच्या तोंडापासून अर्धा ड्रमही नाही. कुंपणापाशी चप्पल काढली. वामनदादा ओट्यावर बसले होते, त्यांनी नुसती मान हलवली. मी आत गेलो, घडवंचीवरचा रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि डोळे मिटले. काही ऐकू येत नव्हतं. बाहेर सुपाऱ्यांमधून वारा चालला होता तेवढाच.

"कशी हाय?" मागून त्यांनी विचारलं.

"बरी हाय," मी म्हणालो.

मी खिशातून तक्रारीचा कागद काढून सहीसाठी पुढे केला. त्यांनी तो घडी करून उशीखाली ठेवला आणि चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचललं.

"बसा. आदी जेवा."